प्रोहिबिशनच्या केसमध्ये भावाला शिक्षा झाली आहे. सत्र न्यायालयात अपील करावे का? (बडोदे)

प्रतापनगरची ताई

सप्रेम नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला गेल्या आठवड्यात येथील प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी दारूबंदी कायद्याच्या कलम ६६(१)(ब) खाली दोषी ठरवले आणि तीन महिन्यांची साधी कैद व पाचशे रुपये दंड अशी शिक्षा सुनावली. या विषयातील जाणकारांनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

प्रकरण २०१४ सालचे आहे. नाशिकचे एक लग्न आटोपून भाऊ आपल्या एका सहकाऱ्याबरोबर स्वतःच्या गाडीने परत येत होता. रात्री शहराबाहेरच्या एका नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवून डिकी उघडायला लावली, तेव्हा सामानातल्या एका कापडी पिशवीत व्हिस्कीच्या तीन सीलबंद बाटल्या निघाल्या. ही पिशवी आपली नाही, लग्नघरी सामान भरताना कोणीतरी ती ठेवली असावी, असे भावाने जागच्या जागी सांगितले होते. दोघांवरही गुन्हा दाखल झाला, दोघांना जामीन मिळाला आणि मग तारखांवर तारखा पडत राहिल्या. साक्षीच्या वेळी दोन्ही पंच उलटले. पंचनाम्यावरची सही आमची आहे, पण आमच्यासमोर काही जप्त झालेले नाही, असे त्यांनी सांगितले. तरीही न्यायालयाने छापा घालणाऱ्या अंमलदारांची साक्ष आणि प्रयोगशाळेचा अहवाल ग्राह्य धरला. सहकाऱ्याला संशयाचा फायदा देऊन सोडले आणि गाडी भावाच्या नावावर आहे म्हणून बाटल्यांचा ताबा त्याचाच, असे मानून त्याला दोषी ठरवले. अपील करायचे असल्यास मुदत मिळावी म्हणून त्याच दिवशी शिक्षा तात्पुरती स्थगित झाली, त्यामुळे तो सध्या घरी आहे.

घरात एकमत होत नाही. काही नातेवाईक म्हणतात की तीन महिनेच तर आहेत, भोगून मोकळे व्हा. वरच्या कोर्टात गेलात तर शिक्षा वाढेल. आईने धसका घेतला आहे. भावाच्या नोकरीचे आणि पासपोर्टचे काय होईल, हीही चिंता आहेच. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच असल्याने गुजरातीतील कागद वाचायला अडचण नाही, पण त्या कागदांत नेमके काय शोधायचे, ते समजत नाही.

कारेलीबाग, निवृत्त शिरस्तेदार

ताई, माझी सारी नोकरी फौजदारी न्यायालयाच्या कचेरीत गेली. प्रथम न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीत आणि अखेरीस दिवाळीपुऱ्यातील नव्या संकुलात. त्यामुळे आधी मुदतीचे सांगतो, कारण चांगली अपिले मुदतीपायी अडकलेली मी पाहिली आहेत.

दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील करण्याची मुदत तीस दिवसांची आहे. निकालाचा दिवस त्यात धरत नाहीत आणि प्रमाणित नक्कल मिळायला जितका वेळ लागला तितकाही वगळला जातो. मात्र त्यासाठी नकलेवर अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख नोंदलेली असली पाहिजे. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची एक प्रत तेथल्या तेथे विनामूल्य द्यावी लागते, ती आपल्याला मिळाली असेल. तेवढ्यावर थांबू नका. साक्षीदारांचे जबाब, पंचनामा, प्रयोगशाळेचा अहवाल आणि आरोपीचा जबाब या सगळ्यांच्या प्रमाणित नकलांसाठी आजच नक्कल विभागात अर्ज द्या. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीत आला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येते, पण त्या सवलतीवर विसंबून राहू नये. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्यात उशिराचे कारण पटवून द्यावे लागते आणि ते पटेलच याची हमी नसते.

दुसरी गोष्ट जामिनाची. निकाल देणाऱ्या न्यायालयाने दिलेली स्थगिती केवळ अपील दाखल करण्यापुरती असते. अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा वेगळा अर्ज सत्र न्यायालयात द्यावा लागतो आणि तिथला आदेश हाती येईपर्यंत जुन्या स्थगितीची तारीख उलटू देऊ नये. जामीनदाराला कागदपत्रांसह आधीच तयार ठेवा. ऐन वेळी जामीनदार गावाला गेला म्हणून आरोपीला दिवसभर तिष्ठत बसावे लागल्याचे प्रसंग मला आठवतात.

शिक्षा वाढण्याची भीती मनातून काढून टाका. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात सत्र न्यायालय शिक्षा कमी करू शकते, रद्द करू शकते, फेरसुनावणीचा आदेश देऊ शकते. वाढवू मात्र शकत नाही. वाढ हवी असेल तर सरकारला स्वतंत्र अपील करावे लागते.

अ‍ॅडव्होकेट, दांडियाबाजार

शिरस्तेदार साहेबांनी मुदतीचे सर्व सांगितले आहे, त्यामुळे मी अपिलाच्या मुद्द्यांकडे वळतो.

प्रथम एक खुलासा. गुन्हा २०१४ मधला असल्याने गुजरातने २०१७ साली केलेल्या दुरुस्तीतल्या वाढीव शिक्षा आपल्या भावाला लागू होत नाहीत. विक्री, वाहतूक अशा गुन्ह्यांना दहा वर्षांपर्यंत कैद, हे जे लोक ऐकतात, ते त्या दुरुस्तीनंतरचे आहे. ज्या दिवशी कृत्य घडले त्या दिवशीच्या कायद्याहून अधिक शिक्षा देता येत नाही, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) मध्येच म्हटले आहे. कार्यपद्धती मात्र १ जुलै २०२४ पासून बदलली आहे. अपिलाची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१५ मध्ये आणि शिक्षा स्थगितीची ४३० मध्ये आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ती अनुक्रमे ३७४ आणि ३८९ ही कलमे होत.

हे पहिले अपील आहे, हे घरातल्यांना नीट समजावून सांगा. यात सत्र न्यायालय केवळ कायद्याचा मुद्दा पाहत नाही. पुरावा पहिल्यापासून पुन्हा तपासते. यानंतर उच्च न्यायालयात जायचे तर फक्त पुनरीक्षण अर्ज उरतो आणि तिथे पुराव्याची अशी फेरतपासणी सहसा होत नाही. दोन पंच उलटलेले आणि एक आरोपी सुटलेला, अशा प्रकरणात ही संधी सोडून देणे मला मुळीच योग्य वाटत नाही. तीन महिने ‘भोगून मोकळे’ झालेला माणूस मोकळा होत नाही. दोषी ठरल्याचा शिक्का पुढे प्रत्येक चारित्र्य पडताळणीत समोर येतो. भावाने कबुली देऊन शिक्षा घेतली असती, तर अपील केवळ शिक्षेचे प्रमाण आणि वैधता एवढ्यापुरते उरले असते. त्याने गुन्हा नाकबूल केला, म्हणून आज सगळा मार्ग खुला आहे.

आता ताब्याविषयी, कारण आपल्या प्रकरणाचा कणा तोच आहे. दारूबंदी कायद्याच्या कलम १०३ मध्ये एक गृहीतक आहे. जवळ सापडलेल्या मादक पदार्थाचा समाधानकारक खुलासा आरोपी देऊ शकला नाही तर गुन्हा घडल्याचे धरले जाते. सरकारी पक्ष याच कलमावर भर देतो. परंतु हे गृहीतक ताबा सिद्ध झाल्यानंतर लागू होते, ताबा सिद्ध करण्यासाठी ते वापरता येत नाही. आणि ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. वस्तू तिथे आहे याची माहिती आणि तिच्यावर हुकमत, या दोन्ही गोष्टी लागतात. शस्त्र कायद्याखालच्या गुणवंतलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली हे तत्त्व मांडले आणि ताब्याच्या इतर गुन्ह्यांतही त्याचा आधार घेतला जातो. गाडी नावावर आहे एवढ्याने डिकीतल्या प्रत्येक पिशवीतली प्रत्येक वस्तू मालकाला ठाऊक होती असे ठरत नाही, विशेषतः लग्नाहून परतताना गाडीत दोघांचे सामान असेल तेव्हा. पिशवीत आणखी काय होते? कपडे, पत्रिका, एखादे नाव लिहिलेले पाकीट? ते पंचनाम्यात नोंदले आहे का? नसेल, तर पिशवी कोणाची हे शोधण्याचा प्रयत्नच तपासात झाला नाही, असे म्हणता येते. भावाने जागेवरच नकार दिला होता, हे उलटतपासणीत अंमलदारांच्या तोंडून आले असेल तर ते वाक्य अपिलात शब्दशः उद्धृत करायला सांगा. शिवाय त्याच साक्षीवर सहकारी सुटला आहे. दोघांच्या बाबतीत पुराव्यात फरक कोणता, हे निकालपत्रात सापडत नसेल तर तो स्वतंत्र मुद्दा आहे.

पंच उलटले म्हणून खटला आपोआप पडत नाही, हे मात्र आधीच ध्यानात ठेवा. साक्षीदार पोलीस आहे एवढ्यावरून त्याची साक्ष अविश्वसनीय ठरत नाही, हे कायद्यात पक्के झालेले आहे. पंच उलटल्यावर न्यायालयाने ती साक्ष अधिक बारकाईने पारखायला हवी होती, इतकेच आपण म्हणू शकतो. त्या बारकाईत काय पाहायचे ते सांगतो.

मुद्दामालाचा, म्हणजे जप्त मालाचा, प्रवास तारखेनुसार एका कागदावर मांडा. बाटल्या जप्त झाल्या ती तारीख आणि वेळ. त्यांवर पंचांच्या सहीच्या चिठ्ठ्या लावून लाखेचे सील केले का आणि सीलवर कोणते अक्षर होते. पोलीस ठाण्याच्या मुद्दामाल नोंदवहीत कोणी आणि केव्हा जमा केल्या. प्रयोगशाळेकडे रवानगी कोणत्या दिवशी झाली, कोण घेऊन गेले. प्रयोगशाळेला पार्सल मिळाले तेव्हा सील शाबूत होते का आणि ते नमुना सीलशी जुळले का. या साखळीतला एखादा माणूस साक्षीला आलाच नसेल, किंवा मधले बरेच दिवस बाटल्या कोणाच्या ताब्यात होत्या याचा उलगडा होत नसेल, तर तपासले गेलेले द्रव्य हे जप्त केलेलेच होते असे निःसंशय म्हणता येत नाही. तीन बाटल्यांपैकी एकच तपासली गेली असेल तर उरलेल्या दोनांत काय होते, हे पुराव्यात नाही. अहवाल तज्ज्ञाला न बोलावताही वाचता येतो, हे खरे. पण पार्सल त्याच्यापर्यंत निर्धोक पोचले, हे तो अहवाल स्वतः सिद्ध करत नाही.

यानंतर आरोपीचा जबाब पाहा, म्हणजे जुन्या कलम ३१३ चा. त्याच्याविरुद्ध वापरलेली प्रत्येक गोष्ट त्याला स्वतंत्रपणे विचारलेली असली पाहिजे. गाडी नावावर असण्यावर न्यायालयाने शिक्षा आधारली आणि तो प्रश्नच भावाला विचारला नसेल, तर हा दोष गंभीर आहे. मात्र त्यामुळे आपल्या बचावाचे नुकसान कसे झाले, हे दाखवावे लागते.

एक मुद्दा मात्र घेऊ नका. फिर्याद देणाऱ्यानेच तपास केला म्हणून खटला बाद, असा युक्तिवाद अजूनही जुन्या मसुद्यांतून उतरवला जातो. २०१८ च्या एका निर्णयामुळे तो काही काळ चालला, पण ३१ ऑगस्ट २०२० रोजी मुकेश सिंग प्रकरणात घटनापीठाने तो निर्णय फिरवला. पूर्वग्रह होता हे आता प्रकरणातल्या पुराव्यावरून दाखवावे लागते. दुबळा मुद्दा पहिल्या पानावर आला की सबळ मुद्द्यांचेही वजन घटते.

पासपोर्टविषयी: पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(ई) मधील अडचण नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची कैद झालेल्यांसाठी आहे, तीन महिन्यांची शिक्षा त्यात बसत नाही. नोकरीबाबत एवढे सांगतो की शिक्षा स्थगित होणे आणि दोषसिद्धी, म्हणजे दोषी ठरवल्याचा निर्णय, स्थगित होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोषसिद्धीलाही स्थगिती देण्याचा अधिकार अपील न्यायालयाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली रामा नारंग प्रकरणात मान्य केले, पण त्यासाठी अपवादात्मक कारण दाखवावे लागते आणि ते अर्जात स्पष्टपणे लिहावे लागते. तोवर कंपनीच्या एखाद्या फॉर्ममध्ये विचारले तर खरे ते लिहावे आणि अपील प्रलंबित असल्याचे नमूद करावे.

जाता जाता येथील सर्वांसाठी एक गोष्ट. मुंबई-पुण्याकडचे पाहुणे दुकानाची पावती सोबत असली की निर्धास्त असतात. ती पावती गुजरातच्या हद्दीत परमिटची जागा घेत नाही. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांसाठी इथे वेगळे परमिट मिळते. ते नसेल तर बाटली आणू नये. यजमानाच्या गाडीत ठेवण्याचा तर विचारही करू नये.

रावपुरा

वकील साहेब, एक शंका आहे. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्रात २०२३ च्या डिसेंबरात सरकारनेच मद्यपानाला सवलत दिली आहे. शिवाय घरात बसून मद्य घेणे हा खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, अशा याचिका उच्च न्यायालयाने २०२१ साली सुनावणीयोग्य ठरवल्या आहेत. मग याच आधारावर ही शिक्षा रद्द करून मागता येणार नाही का? एका राज्यात दोन नियम असणे मला मनापासून अन्याय्य वाटते.

अ‍ॅडव्होकेट, दांडियाबाजार

आपली भावना मी समजू शकतो, परंतु या अपिलात त्याचा उपयोग नाही. गिफ्ट सिटीची सवलत त्या क्षेत्रापुरती आणि ठरावीक व्यक्तींपुरती आहे. महामार्गावर सापडलेल्या बाटल्यांना ती लागू होत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने त्या याचिका ऐकता येतील एवढेच म्हटले होते. त्या आदेशाने कायद्यातले एकही कलम रद्द झाले नाही. याच कायद्याची बहुतांश कलमे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बलसारा प्रकरणात वैध ठरवलेली आहेत. आणि सत्र न्यायालयाला कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकारच नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या मुलाचे म्हणणे ‘बाटल्या माझ्या नव्हत्या’ असे आहे. त्याच्या वतीने ‘बाटल्या बाळगणे हा माझा हक्क आहे’ असे मांडले, तर त्याचा मूळ बचावच डळमळीत होईल.

मांजलपूर

ताई, आमच्या घरातही असे एक अपील चालले होते, म्हणून व्यवहारातले थोडे लिहिते. अपील दाखल झाल्यावर खालच्या कोर्टाचे रेकॉर्ड मागवले जाते आणि अंतिम युक्तिवादाला बराच काळ लागू शकतो. मधल्या तारखांना भावाने हजर राहावे किंवा वकिलांमार्फत रीतसर हजेरी-माफीचा अर्ज द्यावा. नुसतेच गैरहजर राहिले तर जामीन धोक्यात येतो. नवीन वकील करणार असाल तर जुन्या वकिलांकडून पूर्ण फाईल सौजन्याने मागून घ्या, कारण उलटतपासणीच्या वेळची त्यांची टिपणे पुढे फार उपयोगी पडतात. फी परवडत नसेल तर संकोच न करता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्याला वकील विनामूल्य मिळतो. प्राथमिक चौकशी १५१०० या क्रमांकावर होते. आईंना एकदा वकिलांकडे बरोबर न्या. आमच्या सासूबाईंनी वकिलांच्या तोंडून ऐकले तेव्हाच त्यांना रात्रीची झोप लागू लागली.

प्रतापनगरची ताई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सगळ्या नकलांसाठी अर्ज दिला आहे. जुन्या वकिलांकडे असलेल्या साध्या प्रती कालपासून वाचते आहे.

तीन गोष्टी आढळल्या. पंचनाम्यात ‘कापडी पिशवी’ एवढाच उल्लेख आहे. पिशवीत दुसरे काही होते की नाही, हे लिहिलेले नाही आणि पिशवी स्वतंत्रपणे जप्तही केलेली नाही. जप्तीनंतर सुमारे सहा आठवड्यांनी एक बाटली प्रयोगशाळेत गेली. मुद्दामाल सांभाळणारे कर्मचारी आणि पार्सल घेऊन जाणारे शिपाई, दोघांपैकी कोणाचीही साक्ष झालेली नाही. आणि भावाच्या जबाबात, ‘पोलिसांची साक्ष व अहवाल तुमच्याविरुद्ध आहेत, काय म्हणायचे आहे?’ असा एकच एकत्रित प्रश्न आहे. गाडीच्या मालकीचा उल्लेख त्यात नाही. त्यावर त्याने ‘खोटे आहे’ एवढेच उत्तर दिलेले आहे. या शेवटच्या दोषावरून खटला पुन्हा पहिल्यापासून चालेल का? आणखी दहा वर्षे कोर्टाची पायरी चढण्याची त्याची तयारी नाही.

अ‍ॅडव्होकेट, दांडियाबाजार

आपण कागद नीट वाचले आहेत. पिशवीच जप्त झालेली नाही, हा मुद्दा मी सर्वांत वर ठेवीन, कारण ताब्याची सारी इमारत त्या पिशवीवर उभी आहे आणि ती न्यायालयासमोर कधी आलीच नाही. तिच्याखालोखाल मुद्दामालाची साखळी.

जबाबातल्या दोषावर न्यायालय तो प्रश्न आता विचारू शकते किंवा प्रकरण त्या टप्प्यावर परत पाठवू शकते, हे खरे आहे. परंतु फार वर्षे लोटल्यानंतर परत पाठवणे हेच आरोपीवर अन्यायाचे होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये राजकुमार ऊर्फ सुमन प्रकरणात पाहिले आणि आरोपीची मुक्तता केली. तिथे घटनेला सत्तावीस वर्षे झाली होती, इथे त्याहून कमी झाली आहेत. म्हणून हा मुद्दा एकटा पुढे करू नये, पहिल्या दोघांच्या जोडीने मांडावा. फेरसुनावणी नको असून उपलब्ध पुराव्यावरच निर्णय व्हावा, अशी विनंती अपिलाच्या अर्जात स्पष्ट शब्दांत लिहायला सांगा.

प्रमाणित नकला हाती आल्या की साध्या प्रतींशी पानन्‌पान ताडून पाहा, विशेषतः पंचनाम्याचे दुसरे पान आणि रवानगीची नोंद. अपिलात पानांचे क्रमांक प्रमाणित नकलेचेच द्यावे लागतात.

कारेलीबाग, निवृत्त शिरस्तेदार

नकला ठरलेल्या दिवशी मिळाल्या नाहीत तर ‘तयार नाहीत’ हे तोंडी ऐकून परत येऊ नका. पुढची तारीख अर्जाच्या पावतीवर लिहून घ्या. मुदत मोजताना त्याच नोंदीचा आधार लागतो. आणि स्थगितीची मुदत कोणत्या तारखेला संपते, ते भावाच्या जामीन आदेशावर आजच पाहून ठेवा.